ज्या थांब्यावर बस जात नाही

बसच्या कचेरीत जाळेबाई एक नियम शिकल्या होत्या. ज्या थांब्यावर एकही बस जात नाही, तो थांबा नव्हे, नुसता खांब. नकाशावरून तो पुसून टाकायचा. ठेवला तर एखादा भाबडा प्रवासी तिथे जाऊन उभा राहतो आणि दिवस मावळेपर्यंत कचेरीच्या नावाने बोटं मोडत बसतो. नियम चोख होता, त्यात काडीची खोट नव्हती. पुढे याच नियमाने त्यांच्या सख्ख्या भावाच्या घरात जे केलं ते सांगायचं आहे. पण जरा दमाने घेऊ. बाई कोण होत्या हे कळल्याशिवाय त्यांची चूक कळायची नाही, आणि चूक समजून न घेता नुसती बोटं दाखवणारे लोक जगात आधीच पुष्कळ आहेत.

तेव्हा त्यांना जाळेबाई कुणी म्हणत नसे. मार्ग-आखणीच्या खोलीत त्या कारकून होत्या. खोलीची एकुलती एक खिडकी बसच्या आगाराकडे उघडायची, त्यामुळे टेबलावर सदा काजळीचा पातळ थर. थांबे म्हणजे ठिपके, मार्ग म्हणजे रेघा, आणि कुठूनही कुठे जायला माणसाला कमीत कमी किती बस बदलाव्या लागतील ते काढायचं, हे काम. बाकीच्यांना त्यात डोकेदुखी दिसे, बाईंना गंमत. भिंतीवरच्या नकाशासमोर त्या अशा उभ्या राहत की शिपाई म्हणायचा, "बाई, त्याच्यात काय सिनेमा लागलाय का?" लग्नाचं कुणी विचारलं तर सांगत, "बस आली होती हो, पण मी तेव्हा नकाशा बघत होते." हसणारे हसत. बाईही हसत, आणि पुन्हा रेघांकडे वळत.

त्यांचा सगळा जीव दोन गल्ल्या पलीकडे, भावाच्या घरी. खाली भावाचं चष्म्याचं दुकान, वर राहायची जागा. घरात आजी, म्हणजे बाईंची आई, वहिनी, आणि दोन मुलं, थोरला आणि धाकटी. थोरला लहान असतानाच जिन्यावर पडायला लागला. मुलं पडतातच, असं सगळे म्हणाले. पहिल्यांदा पडला तेव्हा बाई तिथेच होत्या. वहिनी ओरडल्या नाहीत, धावल्याही नाहीत. वरच्या पायरीवर मटकन बसल्या, पोराकडे बघत राहिल्या, आणि मग खाली उतरून त्याला उचललं. काखेत हात घालून नव्हे. एक हात पाठीमागून कमरेला, दुसरा गुडघ्यांखाली.

पुढे पडणं रोजचं झालं. पोटऱ्या जाडजूड दिसायला लागल्या आणि त्यांतली ताकद मात्र उतरत गेली. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना समोर बसवून शिकवलं, की अशा मुलांना काखेत धरून उचलू नका, खांद्यांत जोर नसतो, पोर हातातून सुळकन निसटतं. मग वहिनींकडे बघून म्हणाले, "तुम्हाला हे आधीच येतं. कुणी शिकवलं?"

"आईला कळतं," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांना ते पटलं. बाईंना तर वहिनींचं कौतुकच वाटलं.

आजीला मात्र कौतुकाचं वावडं होतं. "आमच्याकडे सात पिढ्यांत असं कुणी निपजलं नाही," हे वाक्य ती भिंतीकडे बघून म्हणायची. लेकी बोले सुने लागे ही जुनी रीत. आजीने त्यात लेकीलाही सुट्टी दिली होती. वहिनी ऐकून घ्यायच्या. भाऊ दुकानात खाली मान घालून भिंगं पुसत राहायचा, जणू घरातलं काही स्पष्ट दिसूच नये अशी त्याने सोय करून घेतली होती. थोरल्याचं चालणं सुटलं, खुर्ची आली. इस्पितळात अशा आजाराची नेहमीची कारणं एकेक करून तपासली गेली, एकही निघालं नाही. आणि जिथे कारण सापडत नाही तिथे घराला कुणीतरी सापडावंच लागतं. या घराला वहिनी सापडल्या होत्या.

त्याच इस्पितळाच्या जनुक विभागाला जाळ्यांचं गणित येणारी माणसं हवी आहेत असं बाईंच्या कानावर आलं. त्यांनी चालू नोकरीवर पाणी सोडलं. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारावंही लागलं नाही.

नव्या जागी ठिपके होते प्रथिनांचे. प्रत्येक प्रथिनाची कृती एकेका जनुकात लिहिलेली, म्हणून तोच ठिपका त्या जनुकाचाही. दोन प्रथिनं शरीराच्या पेशीत एकमेकांबरोबर काम करतात असं कुणी प्रयोगाने दाखवलं की त्यांच्यामध्ये एक रेघ. असे हजारो ठिपके, लाखो रेघा. आजारी माणसाची जनुकं वाचली की त्यांत वेगळेपणं ढिगाने निघतात. बहुतेक निरुपद्रवी, एखादंच घातकी. ते ओळखायचं कसं? तर संगतीवरून. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या विभागाचं अर्धं शास्त्र याच म्हणीवर उभं होतं. स्नायूंच्या आजाराची जी जनुकं आधीच ठाऊक आहेत त्यांच्या दारातून एक भटक्या सोडायचा. तो मिळेल त्या रेघेने चालतो, मधूनच मूळ दारी परततो, पुन्हा निघतो. कॉम्प्युटर त्याला न थकता हिंडवतो. संशयितांपैकी ज्याच्या अंगणात भटक्या वारंवार आढळेल, त्याची चौकशी आधी.

बाईंना हे शिकवावं लागलं नाही. बस बदलत हिंडणारा हा प्रवासी त्यांच्या जुन्या ओळखीचा होता. वर्ष सरायच्या आत विभागाचा प्रोग्रॅम त्यांनी नव्याने लिहून काढला, तो आधीपेक्षा भरभर चालू लागला, आणि जाळेबाई हे नाव पडलं. लिहिताना अगदी सुरुवातीला त्यांनी एक ओळ घातली: ज्याला एकही रेघ नाही असा ठिपका काढून टाका. भटक्या तिथे पोचणार नाही, मग उगाच गर्दी कशाला? हात सवयीने चालला. जुन्या कचेरीतला खांब त्यांनी नव्या कचेरीतही पुसला. एखाद्या ठिकाणी बस जात नाही म्हणजे तिथे कुणी राहत नाही असं नसतं, हे त्या दिवशी त्यांच्या मनातही आलं नाही.

थोरल्याची जनुकं वाचून आली तेव्हा विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "घरच्या माणसाच्या कामाला घरच्या माणसाने हात लावू नये."

"बाहेरच्यांनी लावून झालाय मॅडम," बाई म्हणाल्या. मॅडम 'कर' म्हणाल्या. चूक तिथेच झाली असं मॅडम पुढे म्हणत.

भटक्या हिंडला आणि पहिल्या नंबरावर एक बडं जनुक आलं. बडं म्हणजे जगभर अभ्यासलेलं, ज्याच्यावर लोकांनी आयुष्यं घालवली होती असं. थोरल्यातलं त्याचं वेगळेपण बापाच्या रक्तातही सापडलं. बाप ठणठणीत, पण हे वेगळेपण असून काही जण आजारी पडतात, काही पडत नाहीत, असं दुसऱ्या घराण्यांत दिसलं होतं. मॅडमनी अहवालात 'संभाव्य कारण' असं लिहिलं. बाई तो अहवाल घेऊन निघाल्या, आणि 'संभाव्य' हा शब्द इस्पितळाच्या फाटकाशी कुठेतरी गळून पडला. भावाच्या जिन्यावरूनच त्यांनी हाक मारली, "सापडलं!"

सगळे जमले. बाईंनी सांगितलं, हे आपल्याकडून आलंय. आपल्या घराण्यातून. वहिनींकडून नाही.

 आजी काठी टेकत उठली, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू बस. आज चहा मी करते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहा भयंकर झाला होता, साखरेचा पत्ता नाही आणि पावडर मूठभर. वहिनींनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. डोक्यावरचं ओझं उतरलं, रडू दे बिचारीला, असं बाई भावाला म्हणाल्या. त्या दिवशी आपण जन्माचं सार्थक केलं असं त्यांना वाटत होतं, आणि का वाटू नये?

धाकटीचं लग्न झालं होतं, पण मूल नको म्हणत होती. थोरल्यापायी घर कसं वाकलं ते तिने बघितलं होतं. आता कारण हाती आल्यावर तिचंही रक्त तपासलं. ते वेगळेपण तिच्यात नव्हतं. निकाल बाईंनीच फोनवर सांगितला. "सुटलीस गं!" एवढेच शब्द. पलीकडून धाकटी आधी हसली आणि मग हुंदके देऊ लागली.

वर्षभरातच तिला दिवस गेले. चौथा महिना लागला होता तेव्हा ही गोष्ट उलटली.

जाळ्याची नवी आवृत्ती आली होती. कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांनी नव्या रेघा शोधल्या होत्या, त्या सगळ्या आत घालून जाळं नीट चालतंय का ते बघायचं होतं. त्यासाठी जुनी, उत्तर माहीत असलेली प्रकरणं पुन्हा चालवायची असतात. बाईंनी पहिलं थोरल्याचंच घेतलं. सगळ्यांत पक्कं तेच. दुपारची वेळ होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडत होतं. पडद्यावर पहिल्या नंबरावर भलतंच काही आलं. त्याला धड नावही नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. बडं जनुक खाली घसरलं होतं.

बाई आधी वैतागल्या. नव्या आवृत्तीत घाण आहे, म्हणाल्या. मग त्यांनी जुन्या निकालात हे बिननावाचं जनुक कितव्या नंबरावर होतं ते शोधलं. ते खाली नव्हतं. ते नव्हतंच. थोरल्याच्या संशयितांत ते पहिल्यापासून होतं, पण जाळ्यात शिरायच्या आधीच कुणीतरी त्याला दारातून परत पाठवलं होतं. कुणी, ते शोधायला त्यांनी प्रोग्रॅम उघडला आणि सुरुवातीलाच त्यांच्या स्वतःच्या हातची ती ओळ समोर आली.

तेव्हा त्या जनुकाला एकही रेघ नव्हती, कारण त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कुणीतरी पाहिलं, रेघा निघाल्या, आणि त्या थेट स्नायूंच्या आजाराच्या नामचीन जनुकांकडे जात होत्या. दाराला दार लागून. आणि त्या बड्या जनुकाचं काय? बडा घर पोकळ वासा. त्याला इतक्या रेघा होत्या की भटक्या कुठूनही सोडला तरी तिथे घुटमळणारच. चौकातल्या टपरीवर सगळेच दिसतात, म्हणून टपरीवाला चोर ठरत नाही, हे बाई नव्या मुलामुलींना शिकवत असत. थोरल्याच्या वेळी मात्र स्वतः विसरल्या. चोर सोडून त्यांनी संन्याशाला फाशी दिली होती.

मग त्यांनी ते जनुक कुठे बसतं ते पाहिलं. मुलग्याला जे गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं, त्याच्यावर ते होतं. म्हणजे थोरल्याला हे वहिनींकडून आलं असणार. म्हणजे धाकटीकडेही ते आलेलं असू शकतं, न आलेलंही असू शकतं, नाणं उडवल्यासारखं. मुलींना त्याचा त्रास सहसा होत नाही. पण तिच्याकडे असेल, आणि तिच्या पोटात मुलगा असेल, तर त्याच्यासाठी पुन्हा एक नाणं. सुटलीस, असं ज्या पोरीला त्यांनी सांगितलं होतं, तिचं त्यांनी भलतंच दार तपासलं होतं.

मॅडमनी सगळं दोनदा ऐकलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे बाईंना जास्त भीती वाटली. "ती ओळख नसलेल्यांना हाकलणारी ओळ आज काढ. एकांडी जनुकं वेगळी ठेव आणि माणसाच्या डोळ्यांनी बघ," त्या म्हणाल्या. "जुनी सगळी प्रकरणं पुन्हा उघडायची. आणि घरी जा. आईचं आणि मुलीचं रक्त आण. लवकर. पुढची तपासणी करायची की नाही, आणि मग काय, हे धाकटीने ठरवायचंय. ठरवायला तिच्या हातात वेळ उरला पाहिजे."

कुणालाही वाटेल, बाई तशाच धावत गेल्या असतील. नाही गेल्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई तर ताक फुंकतच बसल्या. आणखी एकदा चालवून बघू. दुसऱ्या कुणाच्या जाळ्यावर बघू. एकदा घाईने बोलून चुकलो, आता पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उत्तर तेच येई, आणि प्रत्येक वेळी त्यांना ते अजून पुरेसं पक्कं वाटत नसे. खरं सांगायचं तर त्यांना धाकटीचा चेहरा बघायचा नव्हता. आणि वहिनींना पुन्हा आजीच्या तोंडी द्यायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी माणसाच्या आहेत. पण चौथा महिना कुणाच्या माणुसकीसाठी थांबत नाही.

मधे एकदा त्या गेल्या. धाकटी माहेरी आली होती, थोरल्याच्या खुर्चीशेजारी पाय वर घेऊन बसली होती. दुकानाचे फोन थोरलाच घरून घेई. कानाला हेडफोन लावून कुणा गिऱ्हाइकाला चष्मा कधी मिळेल ते सांगत होता.

"हे मामाच्या मांडीवरच वाढणार," धाकटी पोटावर हात ठेवून म्हणाली.

"वाढू दे," फोन संपवून थोरला म्हणाला. "माझी मांडी कुठे पळून जात नाही."

दोघं खो खो हसली. बाईंनाही हसावं लागलं. थोरल्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आत्या, बरी आहेस ना? निकालाच्या दिवशी नापास पोराचं तोंड असतं तसं झालंय तुझं."

"ऊन फार आहे," बाई म्हणाल्या, आणि न बोलता परत गेल्या. वाटेत त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. ज्या पोराच्या पायी हा सगळा उद्योग मांडला, त्याने एका नजरेत ओळखलं, आणि आपण त्याला उन्हाची सबब सांगितली.

पुढच्या रविवारी मात्र त्या निश्चय करून निघाल्या. सकाळची वेळ. वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. बाहेरच्या खोलीतून दोघा भावंडांचा आवाज येत होता. भाऊ खाली दुकानात, आजी आत झोपलेली. बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: ती ओळ, ते बिननावाचं जनुक, धाकटीचं चुकीचं तपासलेलं रक्त. एकदाही अडखळल्या नाहीत, कारण रात्रंदिवस तेच घोकत होत्या.

वहिनींनी हातातली शेंग सोलून संपवली. "म्हणजे आता कुठल्या बाजूचं म्हणता?"

"तुमच्याकडून आलं असावं."

"खात्री आहे?"

"नाही वहिनी. म्हणून तर तुमचं रक्त हवंय."

"रक्त घ्या वन्सं," वहिनी म्हणाल्या. "पण खात्रीसाठी ते लागायचं नाही." आणि पुढची शेंग उचलून, "आम्ही दोघं नव्हतो. तिघं होतो."

बाईंना अर्थ लागायला वेळ लागला. वहिनींना एक मोठा भाऊ, हे सगळ्यांना माहीत होतं. इस्पितळात डॉक्टरांनी फळ्यावर घराण्याची आकृती काढली होती, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. तुम्हाला भावंडं किती, असं विचारल्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "एक भाऊ." डॉक्टरांनी एक चौकोन काढला होता. बाई तिथेच बसल्या होत्या.

"माझ्यापेक्षा धाकटा," वहिनी सांगत होत्या. "मागच्या खोलीत असायचा. पाहुणे आले की ते दार लावून घ्यायचे. मीच उचलायचे त्याला, आईची पाठ दुखायची. मिसरूड फुटायच्या वयात गेला. माझं लग्न ठरताना आई म्हणाली, त्या घरी याचं नाव काढू नकोस, काढलंस तर धाकट्या चुलत बहिणींचंही जमायचं नाही. नाही काढलं. मग सवयच मोडली."

"आणि थोरला पडला तेव्हा?"

"तेव्हाच कळलं. पहिल्याच दिवशी."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांत वहिनींवर त्या कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. "एक चौकोन वहिनी! फक्त एक चौकोन सांगितला असता तर डॉक्टरांनी पहिल्यांदा तुमच्याच बाजूचं बघितलं असतं. मला भटक्या सोडावाच लागला नसता! धाकटीला आधीच कळलं असतं!"

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, आणि त्या एका शब्दापुढे बाईंचा राग टिकेना. पुढचं वहिनी खाली बघून बोलल्या. "सासूबाई रोज म्हणायच्या तेव्हा मनात यायचं, खरंच आहे हे. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, तुमच्याकडून आलंय. मला वाटलं, माझ्या भावाचं त्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून असं म्हणतोय. मग वाटलं, नसेल. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. आपला भाऊ वेगळ्या कशाने गेला असेल. न्हाणीघरात नळ सोडून मी देवाचे आभार मानले वन्सं, आणि त्याची माफी मागितली. दोन्ही एकदमच."

 आपण ज्या पोरीला सुटलीस म्हणालो तिच्या आईला सगळं ठाऊक होतं, आणि तरी आपल्या शब्दाने ती गप्प बसली, हे बाईंना सोसवेना. वहिनींची चूक वेगळी आणि आपली वेगळी असं त्यांना म्हणायचं होतं, पण तसं म्हणवत नव्हतं.

"मी सांगते धाकटीला," शेवटी त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

"तुमची तुम्ही सांगा," वहिनी हात पुसत उठल्या. "पण त्याच्या आधीची माझी आहे."

बाहेरच्या खोलीत थोरला फोनवर होता. आईचा चेहरा बघून त्याने फोन ठेवला. धाकटीने पाय खाली घेतले. वहिनी त्या दोघांच्या समोर, जमिनीवरच बसल्या.

"तुम्हाला आणखी एक मामा होता," त्या म्हणाल्या.

धाकटी हसली, आई काहीतरी थट्टा करते आहे असं तिला वाटलं. थोरला हसला नाही. "चालायचा?" त्याने विचारलं.

"थोडी वर्षं. मग नाही."

"म्हणून तू मला काखेत धरत नव्हतीस."

वहिनींनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या रडल्या नाहीत. थोरला आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला, "नाव काय होतं त्याचं?"

 वहिनींनी नाव सांगितलं. आतून आजीने, झोपेतच की जागेपणी कोण जाणे, विचारलं, "कोण आलंय गं?"

धाकटी आता आईकडे बघत नव्हती. ती आत्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा एकेक पायरी उतरत गेला. ती काही वेडी नव्हती, आईचा भाऊ आणि आपला भाऊ यांच्यामध्ये कोण बसतं हे तिला लगेच कळलं. तिचे दोन्ही हात पोटावर गेले.

"आत्या," ती म्हणाली. "म्हणजे मी सुटले नव्हते?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हाही माहीत नव्हतं. मी माहीत असल्यासारखं सांगितलं. चुकले गं मी. आणि हे मला कळून दिवस झाले, तरी मी गप्प बसले, खात्री करत."

त्या वाट बघत होत्या, पोर ओरडेल, चालती हो म्हणेल. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. धाकटी फक्त उठली आणि चपला शोधायला लागली. चपला घालताना तिने थोरल्याच्या खुर्चीला धरलं, आणि त्याने आपला हात जेमतेम उचलून तिच्या हातावर ठेवला.

"तेव्हा घाई केलीस," ती म्हणाली, "ती आता कर. चल, रक्त द्यायला जाऊ."

"आज रविवार आहे," बाई पुटपुटल्या.

"मग उघडायला लाव त्यांना."

बाईंनी मॅडमचा नंबर लावला. वहिनी टेबलावर तसेच राहिलेले मटार झाकून ठेवून आल्या आणि जिन्याच्या तोंडाशी लेकीसाठी थांबल्या.